झोळीची दोरी

पेठ म्हटलं की पुणेकराला सदाशिव, नारायण, कसबा आठवणार. ही पेठ ती नव्हे. नाशिकच्या पेठ नाक्यावरून गुजरातच्या दिशेला लागलं, सावळघाट ओलांडला, की सुमारे ५५ किलोमीटरवर पेठ नावाचं तालुक्याचं गाव लागतं. त्यापुढे डोंगर उतरले की कपराडा, धरमपूर. तालुक्यातली दहातली नऊहून जास्त माणसं आदिवासी: कोकणा, महादेव कोळी, वारली. भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिकं. पाऊस धो धो, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट.

जुलैत इथल्या खाचरांत आवणी चालते. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं किंवा हल्ली प्लॅस्टिकचा कागद, आणि वाकून रोपं रोवणाऱ्या बायकांची रांग. बांधावरच्या झाडाला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते. आत सहा-सात महिन्यांचं मूल, आणि झोळीची दोरी हातात धरून बसलेली आठ-नऊ वर्षांची त्याची बहीण. मूल कुरकुरलं की ती झोका देते. तेवढ्यानं भागलं नाही की आईला हाक मारते. आई हात खंगाळते, बांधावर येते, पदराआड पाजते, मूल परत झोळीत घालते आणि वळते. तोवर रांग चार हात पुढे गेलेली असते, आणि तिची ओळ तेवढी मागे राहिलेली असते.

या झोळीपाशी उभं राहून मला एका शहरी वादाबद्दल लिहायचं आहे. शिकलेल्या, कमावत्या बाईनं मुलासाठी नोकरी सोडली आणि घरी राहायचं ठरवलं, तर ते स्त्रीवादाच्या विरुद्ध जातं का? पुण्या-मुंबईत आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरही हा वाद चहाच्या कपाबरोबर रंगतो. एक बाजू म्हणते, एवढं शिकून शेवटी चूल आणि मूलच करायचं होतं, तर आजी-पणजीनं शेणमातीचे मार कशाला खाल्ले? दुसरी म्हणते, माझं मूल, माझं घर, माझा निर्णय. तुम्ही कोण सांगणार? दोन्हीकडे तावातावानं बोलतात. आणि घरी राहणं ही प्रत्येक बाईच्या हातातली गोष्ट आहे, हे दोन्हीकडे धरूनच चालतात.

वाद जुना आहे. १९६३ साली बेटी फ्रीडन यांनी अमेरिकेतल्या सुखवस्तू गृहिणींच्या घुसमटीवर पुस्तक लिहिलं आणि तिथे खळबळ उडाली. १९७५ मध्ये त्यांची आणि सिमोन द बोव्हार यांची मुलाखतवजा चर्चा झाली. त्यात बोव्हारबाईंनी टोकाची भूमिका घेतली: मूल वाढवायला घरी राहण्याची मुभा कोणत्याच बाईला असू नये, कारण ती मुभा ठेवली तर फार जणी तीच वाट धरतील. फ्रीडन यांना ते पटलं नाही. बोव्हार यांच्या म्हणण्यात हुकूमशाहीचा वास येतो, हे खरं. पण त्यांची शंका मला अगदीच उडवून लावावीशी वाटत नाही. सगळ्या रस्त्यांवर काटे टाकायचे, एकच मोकळा ठेवायचा, आणि मग सगळे त्याच रस्त्यानं गेले की म्हणायचं, पाहा, त्यांनी आपणहून निवडला. अशी निवड आपण पुष्कळ पाहिली आहे.

१९८४ मध्ये बेल हूक्स या कृष्णवर्णीय लेखिकेनं या वादाची दुसरी बाजू दाखवली. गोऱ्या मध्यमवर्गीय बायकांना घर हा तुरुंग वाटला आणि नोकरी ही सुटका वाटली. पण ज्यांच्या आया-आज्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबल्या, त्यांना काम म्हणजे सुटका असं कधी वाटलंच नाही. त्यांना तर स्वतःच्या मुलांपाशी थोडा वेळ बसायला मिळालं असतं तर हवं होतं. हूक्स लिहीत होत्या अमेरिकेबद्दल, पण पेठच्या बांधावर ते जसंच्या तसं लागू पडतं.

मराठीत निवडणे या क्रियापदाला स्वयंपाकघराचा वास आहे. तांदूळ निवडायचे तर आधी सुपात तांदूळ पडावे लागतात. पेठच्या बाईच्या सुपात 'घरी राहू की कामाला जाऊ' हे दाणे कधी पडलेच नाहीत. ती कामाला जाते आणि मूल तिच्याबरोबर जातं. स्त्रीवादानं तिला घराबाहेर काढलं नाही. ती स्त्रीवादाच्या आधीपासून बाहेरच आहे.

आता दिवाळीनंतरचं पाहू. भात-नागली घरात आली की वाड्या-पाड्यांतून कुटुंबं 'जगायला' निघतात. हा तिकडचाच शब्द. घरी जगणं होत नाही, म्हणून जगायला जायचं: दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत कामाची रीघ लागते. शेंडे खुडायचे, मण्यांची विरळणी करायची, जीए या वाढ-संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायचे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढायचा. बोटांचं, नजरेचं, चिकाटीचं काम, म्हणून बायकांचं. ते बहुधा उक्तं असतं. एकराचा दर टोळीशी ठरतो. उक्त्या कामात पाजायला उठलेली बाई टोळीचा वेळ खाते, आणि तिला कोणी काही बोललं नाही तरी तिला ते कळतं. इथे झोळी मांडवाच्या लोखंडी अँगलला टांगलेली असते, आणि दोन ओळी पलीकडे फवारणी चालू असते.

या बागांच्या मालकांकडेही सुना आहेत. एक पिढी आधी त्यांच्या सासवा शेतात राबत होत्या. द्राक्षानं पैसा आणला, बंगला झाला, आणि बऱ्याच घरांतली सून शेतातून घरात आली. सगळीकडे असं झालं असं म्हणत नाही. पहाटे पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या मालकिणीही आहेत. पण 'आमच्या सुनेला शेतात जावं लागत नाही' हे वाक्य तिकडे अभिमानानं बोललं जातं. घरंदाज हा शब्द आपल्याकडे उगाच तयार झाला नाही. उत्पन्न वाढू लागलं की बायका आधी कामातून बाजूला होतात, आणि शिक्षण व कचेरीतल्या नोकऱ्या वाढल्यावर पुन्हा बाहेर पडतात, हा इंग्रजी यू अक्षरासारखा आलेख क्लॉडिया गोल्डिन यांनी मांडला. बायकांच्या रोजगारावरच्या अभ्यासासाठी त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निफाडची सून त्या आलेखाच्या तळाशी आहे आणि पेठची मजूर डाव्या टोकाला. पण आलेखात एक गोष्ट दिसत नाही. सून घरात येऊ शकली, कारण शेतातली तिची जागा पेठच्या बाईनं भरली. एकीचं मुलापाशी राहणं दुसरीच्या मुलापासून दूर जाण्यावर उभं आहे. शहरात हेच घरकामाच्या ताईंच्या बाबतीत घडतं, फक्त ते इतकं उघड दिसत नाही.

आणि घरात बसलेली बाई बसलेली असते का? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेल्याचं आढळलं, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. हे आकडे फक्त काम करणाऱ्यांचे आहेत. बायकांपैकी ८१ टक्के घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी २६ टक्के. म्हणजे चारातले तीन पुरुष त्या दिवशी घरात काडी इकडची तिकडे न करता झोपले. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, तेव्हा बाईची मिनिटं २८९ झाली होती. दहा मिनिटं कमी. एका चहाइतकी सुटका.

बेकारी मोजणाऱ्या सरकारी सर्वेक्षणांत माणूस काय करतो याला क्रमांक असतात. स्वतःची शेती किंवा धंदा करणारा ११. घरच्या शेतीत बिनपगारी राबणारा २१. नियमित पगारदार ३१. रोजंदारीवरचा मजूर ५१. विद्यार्थी ९१. फक्त घरकाम करणारी ९२. आणि मग येतो ९३: घरकाम करते, शिवाय घरासाठी भाजीपाला, कंदमुळं, सरपण, गुरांचा चारा फुकट गोळा करते, शिवणं-विणणं करते. हे ९२ आणि ९३ दोन्ही श्रमशक्तीच्या बाहेर धरतात. जंगलातून डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढणारी बाई काम करत नाही, असा याचा अर्थ. पेठच्या एकाच बाईला वर्षभरात यातले तीन क्रमांक लागतात: पावसाळ्यात २१, माघ-फाल्गुनात ५१, वैशाखात ९३. नोंदणारा माणूस मुख्य म्हणून एकच लिहितो, आणि पुष्कळदा तो घरच्या पुरुषाला विचारून लिहितो.

याच मुद्द्यावर १९७२ साली इटलीतल्या पादुआ शहरात काही बायकांनी 'घरकामाला मजुरी द्या' अशी चळवळ उभी केली. मारिआरोझा दाल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स, सिल्व्हिया फेडरिची ही त्यातली नावं. मजुरी कोणी दिली नाही, पण हे काम आहे, एवढं तरी लोकांना ऐकावं लागलं. आपल्याकडे ही किंमत काढली ती कोर्टांनी, आणि तीही बाई गेल्यावर. २०१० मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठपका ठेवला, की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये न्या. रमणा यांच्या पीठानं सांगितलं, की गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरूनच भरपाई द्यायला हवी. तिला काही उत्पन्न नाही ही समजूतच चुकीची आहे. निकाल चांगला आहे. पण जिवंतपणी तिनं हीच किंमत नवऱ्याकडे मागितली असती तर घरात काय झालं असतं, याचा विचार प्रत्येकानं आपापल्या घरापुरता करून पाहावा.

पेठकडच्या आदिवासी समाजांत या बाबतीत एक जुनी रीत आहे, देज. लग्नात मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. हुंड्याच्या अगदी उलट. तुमच्या घरातले दोन राबते हात आम्ही नेतोय, त्याची भरपाई, असा त्यामागचा साधा हिशेब. हुंडा मागणारा समाज बाईला पोसावं लागणारं तोंड समजतो, देज देणारा तिला कमावणारे हात समजतो. म्हणून तिथे बाई मोकळी आहे असं मी म्हणणार नाही. देज फेडायला काढलेलं कर्ज तिच्याच अंगावर पडतं, आणि दारू प्यालेल्या नवऱ्याचा हात देज देऊन थांबत नाही. शिवाय आता तिकडेही हुंड्याचं वारं शिरलं आहे. तरी ज्यांना आपण मागासलेलं म्हणत आलो, त्यांनी निदान बाईच्या कामाचा आकडा शून्य धरला नव्हता.

आईपणाचा खर्च कोणी उचलायचा, हा पैशाचा प्रश्न आपल्याकडे फार लवकर मांडला गेला होता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलायला हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ चा मुंबई प्रांताचा कायदा हा देशातला या प्रकारचा पहिला कायदा. तो गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी होता. शेतातल्या बाईचं नाव त्यात नव्हतं.

तेव्हापासून आतापर्यंतचा फरक पेठमध्येच पाहता येतो. तिथल्या सरकारी शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षिकेला १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा मिळते, आणि २०१८ पासून राज्याच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. तिला ती मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. शाळेच्या कुंपणापलीकडच्या पाड्यावर बाळंत झालेल्या मजूर बाईला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या मुलासाठी ५००० रुपये मिळतात. दुसरं मूल मुलगी असेल तर ६०००. मुलगा असेल तर काही नाही. २०२५-२६ मध्ये राज्यातली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं ५००० म्हणजे सोळा दिवसांचा रोज. एकीचं बाळंतपण सहा महिन्यांचं, दुसरीचं सोळा दिवसांचं. शहरातल्या चर्चेत ज्याला आपण 'घरी राहायचा निर्णय' म्हणतो, तो बऱ्याच अंशी या दोन आकड्यांमधलं अंतर आहे.

बापाचं काय? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस. बालसंगोपन रजा राज्यात पुरुषाला मिळते ती पत्नी हयात नसली किंवा अंथरुणाला खिळलेली असली तर. म्हणजे कायद्याच्या नजरेत बाप हा आई नसताना काढायचा पर्याय. स्वीडननं १९७४ मध्येच मातृत्व रजेची पालकत्व रजा केली. आज तिथे दोघांत मिळून ४८० दिवस आहेत आणि त्यातले ९० बापाच्या नावचे, त्यानं घेतले नाहीत तर बुडाले. आपल्याकडे २०१७ मध्ये खासगी नोकरीतल्या बायकांची रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, पण खर्च सगळा मालकावर आणि रजा फक्त बाईला. मग लग्नाच्या वयाची मुलगी मुलाखतीला आली की मालकाच्या मनात काय चालतं, हे सांगायला नको. नोकरी सोडून घरी राहिलेल्या कितीतरी जणींचा 'निर्णय' अशा खोलीत आधीच झालेला असतो. म्हणून मला त्यांची चेष्टा आवडत नाही, आणि त्यांच्या निर्णयाचे गोडवेही गाववत नाहीत. मूल वाढवण्यात खरंच जीव रमलेली बाई मी पाहिली आहे. तिच्या बँकेच्या खात्यात काय आहे, एवढंच मी तिला विचारीन.

झोळीची दोरी धरून बसलेल्या त्या मुलीकडे परत येऊ. तिच्याकडे ज्यांनी नीट पाहिलं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ च्या सुमारास त्या डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेल्या. तिथे त्यांना कळलं, की मुली शाळेत येत नाहीत कारण कडेवर भावंड असतं आणि मुलगे येत नाहीत कारण मागे गुरं असतात. त्यांनी मुलांना रागावण्याऐवजी शाळेचीच घडी बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताईनं भावंडाला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं. त्याला त्यांनी विकासवाडी नाव दिलं. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडी योजना सुरू झाली. शब्द घेतला, पण पाळणाघर मागे राहिलं. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं काही तास बसतात. सहा महिन्यांच्या बाळाला तिथे जागा नाही, त्याच्यासाठी घरी न्यायचा शिधा आहे. आता २०२२ पासून 'पाळणा' नावानं अंगणवाडीला जोडून पाळणाघरं काढायची योजना आहे. डोंगरावरच्या पाड्यांपर्यंत ती पोचायला हवी. आणि ही मुलं जी सांभाळते त्या सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देतं. आईपणाचं काम विकत घेतानाही आपल्याला त्याला मजुरी म्हणायची लाज वाटते.

पेठच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी शहरातल्या वादात कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे बऱ्याच घरांत आई घरी राहते की नाही हा प्रश्न सहा वर्षांनंतर संपतोच, कारण मूलच घरी राहत नाही. शासकीय आश्रमशाळा पहिलीपासून निवासी. दिवाळीची सुट्टी संपली की मूल वसतिगृहाच्या फाटकात आणि आई-बाप द्राक्षाच्या टेम्पोत. शिक्षणासाठी हे करावं लागतं, त्यावाचून इलाज नाही, हे आई-बापालाही कळतं. पण आईपणाचं महत्त्व सांगणारी आमची सगळी व्याख्यानं त्या फाटकाशी गप्प होतात.

याच जिल्ह्यात, पेठच्या उलट दिशेला, चांदवडला ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेनं बायकांचं अधिवेशन भरवलं होतं. लाखाच्या घरात बायका जमल्या. त्यातून पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: बायकोच्या कष्टाचं ऋण फेडायचं तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. अनेक गावांत नवऱ्यांनी तो केला. पेठमध्ये ही गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. २००६ च्या वनहक्क कायद्यात, लग्न झालेलं असेल तर वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा असं लिहिलेलं आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या मोर्च्यात या पट्ट्यांचीही मागणी होती, आणि फोड आलेल्या पायांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्यात बायकांचे पाय कितीतरी होते. वीस वर्षं घर सांभाळून गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या कागदावर नाव नसलेल्या बाईपेक्षा, कायद्याच्या दृष्टीनं, त्या पाड्यावरच्या बाईची बाजू भक्कम आहे.

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचा प्रगणक दारात येईल. घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणं हेही काम धरायचं, हे १९९१ पासून जनगणनेच्या प्रश्नातच लिहिलेलं आहे. तेव्हा 'ही काय करते?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असं तिच्या वतीनं सांगू नका. तिलाच पुढे बोलावा आणि सांगू द्या. पेठच्या पाड्यांवर मात्र त्या महिन्यात पुष्कळ दारांना कुलूप असेल. द्राक्षाचा माल निघायचे ते दिवस.